खपली

धुडकू आप्पांच्या गोठ्यात पाच म्हशी.
तिघींच्या आचळांवर फोड,
मधे खळगी, भोवती लाल कडं,
जशी मसुराची डाळ कुणी चिकटवून ठेवावी.
रेडकू जवळ आलं की लाथ.

तेच ज्योत्स्नाच्या दोन्ही अंगठ्यांवर.
तेच भाविकच्या तर्जनीवर,
चाचणीत पेन धरता आला नाही म्हणे.
आप्पांची बोटं मात्र कोरडी, स्वच्छ.
‘मना हातले काई नई व्हयनं, डाक्टर.’

मी चिमट्यानं खपली उचलली,
कुपीत, कुपी बर्फात,
बर्फ धुळ्याहून रात्रीच्या गाडीनं पुण्याला.

तिला पाय नसतात, मनसुबा नसतो.
ती फक्त स्वतःची नक्कल करते,
घाईत, तलाठ्याच्या हाताखालच्या पोरासारखी,
आणि हजार उताऱ्यांत एखादा काना चुकतो.
बहुतेक चुका जागीच मरतात.
एखादीनं शेजारचं शेत नावावर होतं.

तीन आठवड्यांनी कागद आला : म्हशींची देवी.
खाली बारीक अक्षरात,
जुन्या लशीच्या विषाणूची जवळची नातलग.

मी आप्पांना सदरा वर करायला लावला.
डाव्या दंडावर दोन व्रण, चिल्लर नाण्याएवढे.
‘मनी देवी काढेल शे,’ ते म्हणाले,
‘शाळेच्या ओट्यावर, रांगेत.
आधीची तीन भावंडं तिनं नेली
म्हणून माझं नाव असं, फेकून दिलेलं,
तिनं वळून बघू नये म्हणून.’

ज्योत्स्नाचा दंड गुळगुळीत. भाविकचाही.
रोग संपला, टोचणं थांबलं, त्यानंतरचे हे.

कुणाच्या तरी दंडावरची ती लस
खाजवल्या नखातून कासेपर्यंत गेली असेल,
काळ्या कातडीत पिढ्यान्‌पिढ्या राहिली असेल,
असं काही जण मानतात.
पक्कं कुणालाच सांगता येत नाही.
आप्पा बराच वेळ व्रणावर अंगठा ठेवून.
‘मंग हाई मनीच का?’

नोंदवहीत गावापुढे मी बेटावद लिहिलं,
जनावरं पाच, बाधित तीन, माणसं दोन.
‘कुठून आला’ हा रकाना
पेन टेकवून तसाच सोडला.

आता पाचही म्हशी आप्पाच पिळतात.
ज्योत्स्ना कडुनिंबाच्या पाण्यात हात बुडवून
चुलीपाशी बसून सांगत असते,
आधी चांगल्या पिळा, दुखऱ्या शेवटी, दूध उकळा.
माझेच शब्द, माझ्यापेक्षा कडक आवाजात.

पहिली धार आप्पा नेहमी मातीत सोडतात.
कुणासाठी, मी कधी विचारलं नाही.
आज त्या ओल्या जागेशी
मांजर येऊन बसलंय,
जीभ काढून.