राखुंड्यांची वही

वहीचं पहिलं पान नाही.
दुसरंही नाही, त्यात कुणीतरी फुटाणे बांधून नेले.
म्हणून आमच्या क्लबाचा इतिहास
तिसऱ्या सामन्यापासून सुरू होतो,
आणि तो आम्ही हरलेलो आहोत.

नाव : ॲश पिट स्पोर्टिंग, भुसावळ.
इंजिनं जिथे पोटातली राख टाकत
त्या खड्ड्यामागचं मैदान, नाल्याकडे उतरतं.
घसरून पडलेला गुडघा
लग्नाच्या हळदीतही काळाच राहायचा.
गाव म्हणायचं, राखुंडे.
गोलाचे खांब बॉयलरच्या बाद नळ्यांचे,
मे महिन्यात गोलकीपर त्यांना टेकायचा नाही.

क्लेमंट रिबेलो, फायरमन. बूट असलेला एकटा.
गुलशेर तडवी यावलच्या पलीकडून यायचा,
सातपुड्याच्या पायथ्याहून, अनवाणी.
वर्गणी काढून त्याला बूट घेतले
तर त्याने ते हातात घातले
आणि म्हणाला, आज मी गोलमध्ये उभा राहतो.
सुपडू झोपे, चिटणीस. खेळला कधीच नाही.
शेडमधला टाइमकीपर, तसंच अक्षर :
उशिरा येणाऱ्याला माफी नसलेलं.

जिल्ह्याची लीग होती. प्रवेश फी अकरा रुपये.
दरसाल मीटिंग भरे, साडेसात जमत,
त्यांची शेवभाजी होई.
वहीत लिहिलंय : 'लीगचा विचार पुढील वर्षी.'
हे वाक्य एकोणीस वेळा आहे,
एकदा त्यावर तेलाचा डाग आहे.

खंडव्याच्या सामन्याला मात्र दीड पान.
चौसष्ट साल, गार्डसाहेब पंच,
शून्य-शून्य, दोन मिनिटं बाकी.
चारची मालगाडी वळणावर आली
आणि ड्रायव्हरने लांब शिटी दिली, नेहमीसारखी,
पोरांना हात करावा तशी.
आमच्यांना वाटलं, संपलं.
रिबेलो खाली बसून नाडी सोडू लागला.
गुलशेर मटक्याकडे निघाला.
खंडव्याचा एक पोरगा चेंडू घेऊन
चालत गेला, अगदी चालत,
आणि गोलात ठेवून आला.

ड्रायव्हर माझा बाप. ओंकार भारंबे.
रात्री सगळे दारात आले तेव्हा म्हणाला,
'माले काय मालूम भो, तुमचं संपेल नव्हतं!'
कुणी भांडलं नाही. आईने चहा टाकला.
भांडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर वहीत, समासात,
सामन्यांच्या निकालाशेजारी बारीक अक्षरात :
'चारची गेली. शिटी नाही.'
'चारची गेली. शिटी नाही.'
पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट.
रिबेलो पर्थला गेला तो सामना, ०-४, शिटी नाही.
गुलशेरचा पाय मोडला, १-१, शिटी नाही.

पुढे डिझेल आलं, राख संपली,
खड्डा बुजवून केळीच्या वॅगनसाठी सायडिंग टाकलं.
पोरं क्रिकेटकडे गेली.
शेवटची नोंद :
'आपले नऊ आले. समोरचे आलेच नाहीत.
जिंकलो असे लिहावे काय?'
खाली उत्तर नाही.

सुपडूकाका गेल्यावर त्यांच्या सुनेने
वही आमच्याकडे आणून दिली,
रद्दीवाल्याने पुठ्ठा नको म्हटलं म्हणून.
बाप तेव्हा ऐंशीचा. भिंग धरून
फक्त समास वाचत गेला, एक आख्खी दुपार.
मग म्हणाला, 'एक डाव मी वाजवली होती.
एकाहत्तरची संक्रांत. त्यानं लिहिलं नाही.'

मी पान काढलं.
१४ जानेवारी. 'सामना नाही.
मैदानात कोणी नाही.'
समास कोरा.

म्हणजे सुपडूकाकाही
त्या दिवशी घरी तिळगूळ खात होते,
आणि शिटी
नुसत्या दोन नळ्यांनी ऐकली.
बापाला मी सांगितलं, पान फाटलंय.