डब्याखालचा कागद

पॉवर टिलरचं ऑईल घरात कुठं ठेवायचं
यावर सदलग्यात आमच्याकडं
लग्नाइतकी चर्चा झाली होती.

आधी होता शेंगतेलाचा रिकामा डबा.
मामांनी त्याचं तोंड मेणानं बुजवलं,
वर फडकं, फडक्यावर सुतळी.
सकाळी कोपऱ्यात एक ओली रेघ
आणि रेघेत मुंग्या.
नवं ऑईल मधासारखं दिसतं,
त्यांची काय चूक.
मामा उकिडवे बसून
खराट्याच्या काडीनं एकेक उचलत राहिले.
काडीवर आलेली एकही हलत नव्हती.
त्या दिवशी ते जेवलेच नाहीत.
सासूबाई म्हणाल्या, "ऑईलसाठी उपास धरणारा
तालुक्यात ह्यो एकटाच."

मग नेमच झाला:
रात्री डब्याखाली रद्दी पसरायची,
सकाळी उचलून उजेडात धरायची.
मी हारुगेरीची. माझा पेपर कानडी,
त्यांचा मराठी, गठ्ठा एकच.
एकदा दोन्ही एकावर एक पडले.
रुपयाएवढा डाग,
आणि डागातून खालची अक्षरं वर आली,
उसाच्या दरात कुणाचं तरी लग्न.
"काय म्हणतंय गं?" मामांनी चष्मा सरळ केला.
"सोराकत्तैति."
"असं लिहिलंय?"
"न्हाई. गळायलाय म्हणून डबा सांगतोय."
माझ्या कानडीला ते पहिल्यांदा हसले.

शिवण असलेलं काही नको, एवढं कळलं.
पत्रा शिवणीशी दगा देतो, किटली झाकणाशी.
फवारणीच्या औषधाची बाटली घट्ट असते,
पण ती त्यांनी उंबऱ्याच्या आत घेतली नाही.
शेवटी चिकोडीहून जाड प्लास्टिकचा कॅन,
सायकलच्या ट्यूबची कातरून केलेली चकती,
आट्यांवर पांढरी टेप, दोनच वेढे;
तिसऱ्यानं झाकण तिरकं बसतं.
काठोकाठ भरायचं नाही, चार बोटं मोकळी:
"उन्हाळ्यात त्यालाबी फुगायला जागा लागती."
तरी आठवडाभर न्हाणीतल्या खुंटीला
कॅन उलटा टांगून ठेवला.
आंघोळ करताना तो वरून बघायचा.
कागद कोरडा.

जळकं ऑईल दस्तगीरच्या गॅरेजला परत जायचं.
शेजारचा मलगोंडा एकदा मागायला आला,
चौकटीला वाळवी लागलीय, फासतो म्हणाला.
मामा गप्प. मग म्हणाले,
"चौकटीचे पैसे घे माझ्याकडनं."
त्यानं घेतले नाहीत. बोलणंही कमी केलं.

श्रावणात दूधगंगा घरात आली.
नऊ दिवस आम्ही कानडी शाळेच्या
दुसरीच्या वर्गात निजलो.
परत आलो तर चुलीवर गाळ,
तुपाची बरणी आडवी, भिंतीला तुपाचा हात,
टिलर मांडीपर्यंत चिखलात.
कॅनच्या जागी काहीच नव्हतं,
कागदसुद्धा.

तो परसातल्या सीताफळात अडकला होता.
ती चार बोटं हवा त्याला तिथवर घेऊन गेली असणार.
ह्यांनी हात घातला
आणि मामा ओरडले. मी आल्यापासून
त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं.
झाकणापासून मुठीपर्यंत कॅन लाल होता,
आणि लाल हलत होतं.
काहींच्या तोंडात अंडी.

मामांनी काडी आणली,
एक टोक कॅनला, एक फांदीला टेकवलं,
आणि चिखलात पाट टाकून बसले.
"अप्पा, दस्तगीर थांबलाय, इंजिन गंजंल."
"उतरू दे."

दस्तगीरही मग खाली बसला.
मी चहा केला, शेजारच्या चुलीवर,
मलगोंडाच्या घरात.
चार वाजले तरी
त्यांची काडीवर ये-जा चालूच होती,
उतरत होत्या की चढत होत्या
कुणालाच नीट सांगता येईना.