दोन तारे

सुवर्णानं फोनवर वाचून दाखवलं,
थांबत थांबत, डॉक्टर रिपोर्ट सांगतो तसं:
पाचापैकी दोन तारे, अप्पा.
पुढचं तिला वाचायचं नव्हतं. मी म्हटलं, वाच.

रात्रभर यंत्रांचा खडखडाट. बाळ झोपलं नाही.
नकाशावर एक नाव, पाटीवर दुसरंच.
यजमान नवरा-बायको आमच्यासमोर
मुद्दाम कन्नडमध्ये कुजबुजत होते.

वडगावात आमच्या गल्लीत माग किती उरलेत
हे मी एका हाताच्या बोटांवर सांगतो.
त्या रात्री साडेनऊला लाईट गेली
ती पहाटे चारला आली.
एक धोटा हलला नाही.
मग साहेबांनी ऐकलं काय?

त्याच खोलीत माझे दोन माग होते.
भंगारवाल्यानं किलोवर नेले,
मग फरशी बसवली, पुण्याहून चादरी आल्या.
अजून रात्री कूस बदलली
की वरनं आवाज येतो मला.
पण तो मला.
त्यांना कसा?

पाटी सरकार लावतं.
पोस्टमन तिसरंच नाव घेतो
आणि पत्रं येतात की ओ घरी.

राहिली कुजबुज.
निंगव्वाचं माहेर मुरगोड. लग्नाला तेहेतीस वर्षं.
आमचं भांडण मराठीत सुरू होतं, कन्नडमध्ये मिटतं.
त्या संध्याकाळी जिन्यात ती मला म्हणाली,
कूसिगे हालु बेकेनु, केळ्री.
बाळाला दूध हवं का, विचारा.
मी विचारलं, मराठीत.
नको म्हणाले, आमचं पावडरीचं असतं.
तरी तिनं पातेलं झाकून ठेवलं, लागलं तर म्हणून,
आणि निघताना कुंद्याचा डबा दिला.
तो त्यांनी घेतला.

उत्तर लिहायला तीन रात्री बसलो.
पहिल्या रात्री लाईटची वेळ लिहिली, मिनिटासकट.
दुसऱ्या रात्री कुंदा लिहिला, आणि खोडला.
खाल्लेल्या घासाचा हिशेब मागायचा
म्हणजे आपणच उष्टं चिवडायचं.
तिसऱ्या रात्री सावकार आठवला.
लुगडं उजेडाला धरायचा,
नसलेला डाग काढायचा, वीस रुपये कापायचा.
तेव्हा मी काय लिहीत होतो?
मान खाली घालून पुढच्या ताण्याचं सूत उचलायचो.
पण त्याचं तोंड दिसायचं मला.
त्याला खोकला कधी होतो, हे ठाऊक होतं.

सुवर्णा म्हणते तारे,
माझ्या कानाला तारा येतात.
एका लुगड्यात तीन हजार तारा.
तीन तुटल्या म्हणून कोणी माग विकत नाही,
माग थांबवायचा, बोट ओलं करायचं,
टोक शोधायचं, गाठ मारायची.
इथं दुसरं टोक पुण्यात कुठंतरी आहे
आणि ते माझा फोन उचलत नाही.

होगली बिड्री, निंगव्वा म्हणाली. मलगा.
जाऊ दे, झोपा.
मी लिहिलेलं सगळं पुसलं.
फक्त एवढं ठेवलं: बाळ आता झोपतं का?
तेही पाठवलं नाही अजून.

सकाळी जिना झाडताना ती पुटपुटत होती.
बाजारात मराठीत भाव पाडते ती,
पण माझ्याशी कधी बोलली नव्हती.
अहो, बाळाला दूध हवं का, विचारा.
अहो, बाळाला दूध हवं का.
शाळेतल्या पोरीसारखी, एकेक पायरीला एकदा.
मी खालच्या पायरीवर उभा,
कुणा दुसऱ्याच्या बायकोचं ऐकतोय असं वाटलं.

शनिवारी हुबळीचे तिघं येणार आहेत.
त्यांच्यासमोर मराठी तोंडातून निघू नये,
आता मी पाठ करतोय.