तीनचा खेळ, शुक्रवार

म्हापशात शुक्रवारी दोन गोष्टी नव्या येतात,
बाजारात मिरची आणि चंद्रिका टॉकीजला पिक्चर.
मी दुसरीच्या दारात उभी असते, हातात बॅटरी,
तिकिटं फाडून काळोखात माणसं पेरते.
एकोणीस वर्षं.

मे महिन्यात एक आलं.
पोस्टरवर बाई पाठमोरी, मान तेवढी वळवलेली.
(लढायला निघालेलं माणूस पाठमोरं का उभं राहतं
हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.)
कॅमेरा तिच्या टाचेपासून चढायला लागला
माडावर नवखा पाडेली चढावा तसा,
तोंडापर्यंत पोचेस्तोवर
खलनायकाचं निम्मं भाषण आटपलं होतं.
चाळीस गुंड पडले.
टिकली हलली नाही.
शेवटी ती साखळदंडात,
आणि काच फोडून सोडवायला एक पाहुणा नट.

पिएदाद शिवोलीहून चोरीस विकायला येते.
उरलेल्या माळांची पाटी मांडीवर घेऊन बसली होती.
मध्यंतरात म्हणाली,
"हिका घामूच येना गो."
इतकी आखूड समीक्षा मी पेपरातही वाचली नाही.

गुरुवारी वितरकाचा फोन.
मांद्रेकरशेटनी स्पीकर लावला:
"बायकांची ॲक्शन चालत नाही हो, सांगत होतो."
गेल्या पावसात बाप्यांची पाच पिक्चरं
आठवड्याच्या आत उतरली,
एकात तर उडणाऱ्या हिरोची दोरी दिसली.
तेव्हा पुरुष चालत नाहीत असं कुणी म्हणालं नाही.
कथेत दम नव्हता म्हणाले,
पावसाला दोष दिला, फुटबॉलला दिला.
त्यांचं पडतं तेव्हा पिक्चर पडतं.
हिचं पडलं की आम्ही पडतो,
मी, पिएदाद, आणि मिरच्यावाली शेवंती,
जिनं तिकीटसुद्धा काढलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मलाही ते आवडलं नव्हतं.
पण हो म्हटलं की वितरक जिंकतो,
नाही म्हटलं की मी खोटी.
मी बॅटरीतले सेल काढले
आणि परत घातले.

चवथ उरकल्यावर दुसरं आलं, स्वस्तातलं.
हिला झगा नाही, मुखवटा नाही,
शक्ती एकच, वजन पेलायची.
ट्रक उचलते, आणि मग तीन दिवस
चहाचा कप डाव्या हातानं धरते.
पूल कोसळतो तिथे
ती आधी चपला काढून कडेला जोडीनं ठेवते,
मनगटातलं रबर दातात,
केस गोळा करून अंबाडा.
चार सेकंद. संगीत नाही.
मी पडदा नाही, माणसं बघते, सवय आहे.
सात बायकांचे हात आपसूक मानेमागे गेले.
एका पोराचाही गेला,
मिशी फुटायची होती त्याला,
केस तर मुळीच नव्हते बांधण्यासारखे.

पुढे ती चुकीचा खांब उचलते.
एक माणूस मरतो.
तिला त्याबद्दल भाषण दिलेलं नाही,
पिक्चर तसंच पुढे जातं,
आणि पिएदाद पाटीच्या कडा घट्ट धरून.

चाललं का?
रात्रीचा खेळ दिला असता तर सांगता आलं असतं.
दिला तीनचा,
तीनला शुक्रवार सोडला तर म्हापसा झोपतं.

गुरुवारी बॉस्त्यांव शिडी घेऊन आला.
तिचं तोंड सालीसारखं निघालं, हात निघाले,
अंबाडा काही निघेना,
खळ तिथे वाळून दगड झालेली.
त्यानं नखानं खरवडलं, शिवी दिली,
आणि वरूनच नवा हिरो चिकटवला.

आता त्याच्या उजव्या दंडावर
कागदाखालून एक फुगवटा आलाय.
शाळा सुटली की पोरं खाली थांबतात,
बोट दाखवून म्हणतात,
काय दंड आहे रे!