पुरठवा

तिन्ही निविदांत एकच चूक होती.
'पुरवठा'च्या जागी 'पुरठवा'.
पान चार, ओळ सहा, तिन्हीकडे.
कंपन्या तीन, लेटरहेड तीन, शिक्के तीन,
बोट घसरलेलं मात्र एकाच माणसाचं.

बावीस वर्षं मी हेच करते,
बाजाराच्या गलक्यात कुजबूज ऐकते.
लोकांना वाटतं, कायदा म्हणजे कलमं.
माझ्या टेबलावर कायदा म्हणजे
नाशिक रस्त्यावरच्या हॉटेलचं बिल,
सात जणांचं जेवण,
मागच्या बाजूला पेन्सिलीनं टनाचा भाव
आणि कुणी कुठल्या गावचं टेंडर सोडायचं ते.

बिल जपून ठेवलं होतं निवृत्तीशेठ फुग्यांनीच,
भोसरी, पाइपांचा कारखाना.
खर्चात दाखवायला.

रात्री पावणेअकराला प्रभात रोडच्या ऑफिसात
ते चपला दाराबाहेर काढून आत आले.
"चोरी नाही केली मॅडम.
एकमेकांच्या पोटावर पाय द्यायचा नाही,
एवढंच ठरवलं."
मी म्हटलं, पोट आणखी एक होतं.
त्या गावाची पाणीपट्टी त्या वर्षी
घरटी चाळीस रुपयांनी वाढली.
ते म्हणाले, "चाळीसच ना?"

मग नियम सांगितला.
जो पहिला दार वाजवेल, त्याचा दंड
सगळाच माफ होऊ शकतो.
दुसऱ्याला फार तर निम्मा.
त्यानंतर आलेल्यांशी बोलायला माझ्याकडे
फारसं काही नसतं.

पेपरवेट फिरवत राहिले बराच वेळ.
"पारसमलला सांगू का आधी?
थोरलीच्या लग्नात पंगतीत वाकून
बुंदी वाढली होती त्यानं."

मी नाही म्हटलं नाही.
घड्याळाकडे पाहिलं फक्त.
त्या पाहण्याचीच माझी फी आहे.

अकरा बावन्नला अर्ज दिल्लीला गेला.
पोच आली. नंबर पहिला.
जाताना त्यांनी चपला उलट्या पायांत घातल्या,
जिन्यात थांबून पुन्हा नीट केल्या.

पुढे कधीतरी फाइलमध्ये वाचलं,
पारसमल ओस्तवाल, बारा वाजून चार मिनिटं.
कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं.

काल पहाटे सुनावणीहून परतले, लोहगावला.
बाहेर तीन रिक्षा.
पहिला म्हणाला, साडेतीनशे.
दुसरा माझ्याकडे न बघताच, साडेतीनशे.
तिसऱ्यानं तोंडही उघडलं नाही,
पहिल्याकडे बोट दाखवलं.

याला पुरावा म्हणत नाहीत.
भाव सारखा असणं म्हणजे संगनमत नव्हे,
हा युक्तिवाद मी स्वतः जिंकले आहे,
दोनदा.

बसले.
विमाननगरच्या सिग्नलला त्याचा फोन वाजला.
"हां, बसल्यात मॅडम.
तू आता चारशे सांग."

मी पर्समध्ये पेन्सिल शोधत राहिले,
उगाच.