माशावाचून पाणी

आज एकेचाळिसावा दिवस.
ओस्त्रावात, सातव्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीशी
एकशेवीस लिटर पाणी उभं आहे.
आत मासा नाही.

मीटर वाचायला आलेली बाई म्हणाली, मेले का हो?
म्हटलं, अजून यायचेत.
मग दिवा कुणासाठी? हीटर? हा पंप?
बिल तर माशांइतकंच येतंय.
तिला काय सांगणार.
पाण्यावाचून मासा सगळ्यांना कळतो.

रोज सकाळी अमोनिया टाकतो, सिरिंजने, मोजून.
एकतीस वर्षं कोकभट्टीवर काढली,
तिथं हाच वास कोटाच्या अस्तरात जाऊन बसायचा.
ब्लाझेना म्हणायची, आधी अंघोळ, मग बोलणं.
आता ती नाही,
तरी बाटली उघडली की
मान आपोआप न्हाणीघराकडे वळते.

खालच्या वाव्रेच्काने त्याच्या फिल्टरमधला स्पंज पिळून दिला,
तपकिरी, गाळाचा, ओल्या मातीच्या वासाचा.
विरजणच ते.
वाटीभर दुसऱ्याचं जुनं
आपल्या नव्यात कालवायचं
आणि झाकण ठेवून गप्प बसायचं.
बाकीचं काम न दिसणारे करतात:
पहिले येतात, विष खातात, दुसरं विष टाकतात.
ते दुसरं खाणारे फार उशिरा येतात.
सगळे आठवडे त्यांच्यासाठीच.

काचेच्या नळीत पाच थेंब, हलवायचं, पाच मिनिटं.
जांभळं.
उद्या पुन्हा जांभळं.
असा मी रोज पाण्यात पाहतो,
कुणाचंही वाईट न चिंतता.

अठ्ठ्याऐंशी साली हे काही माहीत नव्हतं.
राडिमचा सातवा वाढदिवस.
दुपारी टाकी आणली, दोनला भरली,
संध्याकाळी अकरा निऑन टेट्रा सोडले.
पाणी इतकं स्वच्छ
की टाकी रिकामीच वाटायची.
स्वच्छ म्हणजे चांगलं, असा आमचा हिशोब.
तिसऱ्या दिवशी सगळे वर येऊन तोंड उघडू लागले.
भूक लागली असेल, मी म्हणालो,
घाल आणखी चिमूटभर.
त्यानं घातलं.
रविवारी माझ्या आधी तोच उठला.
जाळी हातात घेऊन उभा होता, विचारलं,
बाबा, मी जास्त घातलं का?

मी हो म्हणालो नाही.
नाही, असंही म्हणालो नाही.

त्याची मुलगी योलाना एक शनिवार सोडून येते.
वहीत रोजचा रंग भरते, मी फोनवर सांगतो तो;
जांभळी पेन्सिल झिजून नखाएवढी उरलीय.
आज तिनं नळी हलवली, ओव्हनचं घड्याळ लावलं.
राडिम नेहमीसारखा दारात, कोट न काढता,
किल्ल्या बोटात फिरवत.

आजोबा, हे बिघडलंय.
का?
निळंच राहिलं.

मी चष्मा शोधू लागलो, तो डोक्यावरच होता.
राडिम बूट न काढता आत आला,
तिच्या हातून नळी घेतली, खिडकीशी धरली,
मागे बंद खाणीचा मनोरा, करडं बर्फ,
आणि मध्ये दोन बोटं आकाशी.
बराच वेळ धरली.
म्हणजे तेव्हा, तो म्हणाला,
आणि थांबला.

पाणी कच्चं होतं, मी म्हणालो.
तू घातलेल्यानं नाही.
आणि घाल म्हणालो होतो मीच.

त्यानं नळी सिंकमध्ये ठेवली, विसळली सुद्धा.
योलाना म्हणाली, निळी पेन्सिल घरी राहिली.

ते गेले. दुकान सोमवारी नऊला उघडेल.
तोवर रोजचे थेंब चुकवायचे नाहीत,
न दिसणाऱ्यांना उपास घडला तर सगळं पहिल्यापासून.
रविवारी अर्धं पाणी बदलायचं, बादल्या काढून ठेवल्यात.
खरं सांगायचं तर सोमवारची मला घाई नाही.
दिवा मालवताना काचेवर दिसली
मोहरीएवढी एक गोगलगाय,
वाव्रेच्काच्या स्पंजातून आली असणार,
न विचारता, न थांबता,
वर चालली होती.