चार नंबरची खाट

रात्री तीनला दहा कमी.
वारा खिडकीला खांदा लावून उभा.
पुन्ता अरेनासला चौकाचौकात दोर बांधतात,
माणसं उडून जाऊ नयेत म्हणून.
आमच्या वॉर्डात नळ्या.

चार नंबरला एलिसेओ बारिया, वय एकाहत्तर.
चाळीस वर्षं सामुद्रधुनीत खेकडे धरले.
आता बोटं चादरीच्या कडेशी चाळा करतात,
जाळ्याला गाठ मारावी तशी.

वर पडद्यावर आकडा: बावीस. हिरवा.
म्हणजे पुढच्या सहा तासांत
रक्तात विष भिनायची शक्यता, शेकडा.
यंत्र मार्चमध्ये आलं.
सांतियागोहून दोन मुलं आली शिकवायला,
नखं नीट कापलेली.
म्हणाली, हे थकत नाही.
आम्ही माना डोलावल्या. आम्ही थकलेलेच होतो.

ताप नाही. दाब ठीक. श्वास मिनिटाला अठरा.
तरी मनात पाल चुकचुकली,
म्हणजे आपलं म्हणायचं तसं;
पाली इथं नसतातच, या गारठ्यात तग धरणार कुठून.

काय दिसलं ते विचाराल तर सांगता येणार नाही.
गुडघ्यावरचा रंग असेल.
किंवा काल शिवी हासडून माझा हात झटकणारा माणूस
आज प्रत्येक गोष्टीला आभार मानत होता, ते.

नाडी हातानं मोजली. लिहिली.
दहा मिनिटांनी पुन्हा. लिहिली.
पुन्हा.
रक्त पाठवलं. लॅक्टेट, कल्चर.
कारणाच्या रकान्यात खरडलं: बरा दिसत नाही.
तो रकाना यंत्र वाचत नाही, असं मुलं म्हणाली होती.

एकतीस.
रिपोर्ट यायचा होता.
चव्वेचाळीस. पिवळा.
अजून यायचाच होता.
मी त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे,
मग माझ्याच हातातल्या पेनाकडे.
ताप तेवढाच, दाब तोच, श्वास अठरा.
नवं एवढंच घडलं होतं
की मी सारखी येत होते.

त्यानं म्हणे लाखभर जुन्या रात्री वाचल्यात,
आणि त्यातून हे बरोबर हेरलंय:
नर्स ज्या खाटेपाशी घुटमळते
तिथलं काही खरं नसतं.

सत्तावन्नला लाल.
डॉक्टर श्तांबुकांचा फोन, झोपेतून उठलेला:
यास्ना, सिस्टिम काय म्हणतेय पाहिलंस?
पाहिलं, म्हटलं.
विहिरीत हाक मारावी
आणि आतून आपलीच हाक
थोरामोठ्याच्या आवाजात वर यावी, तसं.
पण तेव्हा वाद घालत कोण बसतं.
चार वाजून पाच मिनिटांनी अँटिबायोटिक सुरू.
लॅक्टेट साडेचारला आलं. चार पॉइंट एक.

त्याच सुमारास मुलीचा फोन, पोर्वेनीरहून.
फेरी बंद, लाटा धक्क्यावर चढल्यात.
नातेवाईकही हल्ली शिकलेत.
आकडा किती आहे, तिनं विचारलं.
मी म्हटलं, पाणी मागितलं त्यांनी. दोनदा.
पलीकडून बराच वेळ नुसता वारा.
मग ती म्हणाली,
गारच द्या. कोमट दिलं तर थुंकतील.

सहाच्या पुढे रंग जरा परतला.
गुडघ्यावरून हात फिरवला, ऊब लागली.
एलिसेओनं डोळे न उघडता
एक सणसणीत शिवी दिली,
आणि माझ्या जिवात जीव आला.

पाळी सुपूर्द करताना नवी मुलगी, मिरेया, म्हणाली,
कमाल आहे यंत्राची, नाही?
हो म्हणायला तोंड उघडलं
आणि सहा नंबर आठवला.

रात्रभर मी चारपाशी.
सहापाशी कोणी थांबलं नाही, कोणी दोनदा नाडी धरली नाही.
ओतिलियाबाईंचा आकडा तिथं नऊ.
हिरवागार.
बरं आहे म्हणून,
की कोणी गेलंच नाही म्हणून?

कोट अंगात चढवला होता, एकच बाही.
धावले नाही. अतिदक्षता विभागात धावत नाहीत.
भरभर चालले.